टीव्ही बिघडला नव्हता

आजचा भाग आमच्या कोथरूडच्या हॉलमधून सुरू होतो आणि फिरून तिथेच येतो. मधल्या वेळात लंडन, न्यूयॉर्क, जर्मनी आणि सिंहगड. जरा लांबचा फेरा आहे, पण मला तो मारावाच लागला.

झालं असं, की मागच्या महिन्यात आईचा फोन आला. "अरे, टीव्ही बिघडला वाटतं. माझी सिरियल लागेना." मी राहतो हिंजवडीला. हिंजवडीहून कोथरूडला शुक्रवारी संध्याकाळी निघणं म्हणजे काय, हे ऐकणाऱ्या पुणेकरांना सांगायला नको. शनिवारी सकाळी गेलो. टीव्ही २०१५च्या दिवाळीतला, ४० इंची, फुल एचडी, तेव्हाच्या भाषेत 'स्मार्ट'. लावला तर चित्र स्वच्छ. सेट-टॉप बॉक्सवरची चॅनल्स सगळी दिसत होती. फक्त आईच्या सिरियलचं अ‍ॅप उघडलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या: तुम्हाला अधिक चांगला अनुभव मिळावा म्हणून या डिव्हाइसवरचा सपोर्ट बंद करण्यात आला आहे.

आता ही वाक्यं मला नवीन नव्हती. का, ते पुढे सांगतो.

दुसरी तक्रार आवाजाची. बाबांना संवाद ऐकू येत नाहीत. व्हॉल्यूम वाढवत वाढवत गाडी अशा ठिकाणी आलेली, की जाहिरात लागली की आई स्वयंपाकघरातून ओरडते. टीव्हीखालच्या कपाटात बाबांचा १९८६चा अँप्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर आहेत. बुधवार पेठेतून असेंबल करून घेतलेले, बाबांच्या पहिल्या नोकरीच्या पैशातून. पण एक बाजू बंद पडलेली, आणि गेली कित्येक वर्षं त्या अँप्लिफायरचं काम एकच: गणपतीत त्याच्यावर समई ठेवतात.

आईचं म्हणणं, दहा वर्षं झाली, आता नवीन आणा. बाबांचं म्हणणं, "चालतोय ना? मग?" मी आईच्या बाजूने. रात्री बसून ५५ इंची फोर-के आणि सोबत साउंडबार अशी निवड केली, पाऊण लाखाच्या आसपास गेलं. पैसे भरायच्या पानावर आलो आणि अडलो. बाबांचा तो प्रश्न डोक्यात बसला होता. सेट चालतोय. मग नेमकं म्हातारं काय झालंय?

आमच्या घरातला पहिला टीव्ही आजोबांनी घेतला. ब्लॅक अँड व्हाइट, चार पायांचा, लाकडी शटरचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात दिसायला लागलं. त्यामुळे पुण्यातल्या गच्च्यांवरच्या अँटेना सगळ्या सिंहगडाकडे तोंड करून. एक जण गच्चीत, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर, आणि "दिसतंय का?" हा निरोप वर-खाली. टीव्हीला लायसन्स लागायचं, त्याची फी दरवर्षी पोस्टात भरायची. 'गजरा', 'ज्ञानदीप', 'आमची माती आमची माणसं', शनिवारी मराठी सिनेमा. हे सगळं मी ऐकूनच सांगतोय, माझा जन्म बराच नंतरचा.

मग १९८२ आलं. वर्षाच्या शेवटी दिल्लीत आशियाई खेळ होणार होते आणि त्याआधी देशात रंगीत प्रसारण सुरू करायचं ठरलं. माहिती आणि प्रसारण मंत्री होते वसंत साठे, आपल्या विदर्भातले, वर्ध्याचे खासदार. गरीब देशाला रंगीत टीव्ही कशाला, ही चैन आहे, अशी टीका होत असताना त्यांनी रंगीत प्रसारणाची बाजू लावून धरली. १५ ऑगस्ट १९८२ला दूरदर्शनवर रंग आला. नोव्हेंबरात आशियाड.

आता गंमत ऐका. आजोबांनी रंगीत टीव्ही घेतला तो १९८८मध्ये, रामायण संपता संपता. म्हणजे मधली सहा वर्षं प्रसारण रंगीत आणि आमच्या घरी तोच चार पायांचा डबा. आशियाड त्यावर पाहिलं, 'हम लोग' त्यावर पाहिलं, अर्धं-अधिक रामायण त्यावर. एका काकांनी काचेवर लावायला प्लॅस्टिकचा रंगीत कागद आणला होता, वर निळा, खाली हिरवा. म्हणजे आकाश निळं, जमीन हिरवी, आणि बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळही निळं. पण मुद्दा असा, की दिल्लीत रंग सुरू झाला म्हणून त्या रात्री देशातला एकही जुना सेट बंद पडला नाही. सिग्नल बदलला, तरी सेटला त्याचा पत्ताही लागला नाही.

इंजिनिअर म्हणून मला हे आश्चर्य वाटतं. आणि ते आपोआप झालेलं नाही. त्यासाठी काही लोकांनी आयुष्य घातलंय.

जॉर्ज व्हालाँसी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १९३८मध्ये एक पेटंट घेतलं. रंगीत टीव्ही अजून कुठल्याही घरात नव्हता, साधा टीव्हीसुद्धा जगात थोड्याच घरांत होता. पण त्याची कल्पना अशी: चित्राचा उजेड-अंधार वेगळा पाठवा आणि रंगाची माहिती वेगळी. ज्याच्याकडे साधा सेट आहे तो उजेड-अंधार घेईल आणि रंग सोडून देईल. ज्याच्याकडे रंगीत आहे तो दोन्ही घेईल. एकच प्रसारण, दोन पिढ्यांचे सेट.

अमेरिकेने आधी दुसरा रस्ता धरून पाहिला. सीबीएस कंपनीत पीटर गोल्डमार्कने फिरत्या रंगीत चकतीची पद्धत बनवली होती. रंग सुंदर यायचे म्हणतात. ऑक्टोबर १९५०मध्ये सरकारी मान्यताही मिळाली. अडचण एकच: लोकांच्या घरात आधीच असलेल्या लाखो सेटवर तो कार्यक्रम दिसायचाच नाही. जून १९५१ला प्रसारण सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये बंद. कारण म्हणून कोरियाच्या युद्धातली सामानाची टंचाई पुढे केली गेली, पण पाहणारेच नव्हते हे काही लपण्यासारखं नव्हतं. मग डिसेंबर १९५३मध्ये मान्यता मिळाली ती व्हालाँसीच्या विचारावर उभ्या असलेल्या एनटीएससी पद्धतीला.

ती कशी चालते हे सांगायचा मोह आवरत नाही, दोन मिनिटं द्या. उजेड-अंधाराच्या सिग्नलची ऊर्जा सगळ्या वारंवारतांवर सारखी पसरलेली नसते. ती कंगव्याच्या दातांसारखी ठरावीक अंतरावर गोळा होते, मधे फटी राहतात. रंगाचा सिग्नल अशा हिशेबाने बसवला, की त्याचे दात बरोबर या फटींत पडावेत. जुन्या सेटला पडद्यावर फार तर बारीक ठिपके दिसतात, लांबून तेही नाही. एसटीत दोन सीटांच्या मधल्या जागेत पिशवी सरकवावी आणि शेजारच्याला कळूही नये, तसं.

एनटीएससीमध्ये रंग वाटेत थोडे सरकायचे. 'नेव्हर द सेम कलर' असं इंजिनिअर लोक चेष्टेने म्हणायचे. जर्मनीत हॅनोव्हरला टेलिफुंकेन कंपनीत वॉल्टर ब्रूखने यावर उपाय काढला: एका ओळीआड रंगाच्या सिग्नलचा एक भाग उलटा करायचा, म्हणजे शेजारशेजारच्या ओळींतल्या चुका एकमेकींना खोडून काढतात. ही पाल पद्धत. १९८२मध्ये भारताने घेतली ती हीच. ६२५ ओळी आधीपासून होत्याच, त्या तशाच ठेवल्या, रंग फटींत बसवला. आमच्या आजोबांच्या डब्याला सहा वर्षं कुणी दिली, तर या लोकांनी.

आवाजाची गोष्टही अशीच आहे, आणि त्यात तर माणूसही टीव्हीवालाच आहे. अ‍ॅलन ब्लमलाइन, लंडनला ईएमआय कंपनीत. असं सांगतात, की १९३१मध्ये तो बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. पडद्यावर माणूस एका बाजूला आणि आवाज दुसरीकडून. तो तिला म्हणाला, आवाज माणसाच्या मागे चालेल असं काहीतरी मला करता येईल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने स्टिरिओचं पेटंट दाखल केलं. त्यातली एक युक्ती पुढे सगळ्या स्टिरिओ रेकॉर्डमध्ये आली: खाचेत सुईची आडवी हालचाल म्हणजे डाव्या-उजव्याची बेरीज, उभी हालचाल म्हणजे वजाबाकी. आडवी हालचाल ओळखणाऱ्या मोनो पिकअपवर ही रेकॉर्ड लावली की बेरीज वाजते. म्हणजे गाणं पूर्ण ऐकू येतं, कुठलंही वाद्य गळत नाही. नंतर एफएम स्टिरिओतही हीच बेरीज-वजाबाकी आली. ब्लमलाइन ब्रिटनच्या ४०५ ओळींच्या टीव्हीवर काम करणाऱ्या गटातही होता. १९४२मध्ये रडारची चाचणी घेताना विमान कोसळून गेला, चाळिशीही गाठली नव्हती.

त्या ४०५ ओळींचं पुढे काय झालं, ते मला या सगळ्यात सर्वांत आवडलेलं. बीबीसीने नोव्हेंबर १९३६मध्ये नियमित प्रसारण सुरू केलं, त्यातून ही ४०५ ओळींची पद्धत रूढ झाली. १९६४मध्ये बीबीसीचं दुसरं चॅनल ६२५ ओळींवर सुरू झालं. दोन्ही पद्धती एकमेकींना चालत नव्हत्या, फटीत बसवायची युक्ती इथे शक्य नव्हती. मग त्यांनी काय केलं? दोन्ही चालू ठेवल्या. जुन्या सेटसाठी जुनं प्रसारण जानेवारी १९८५पर्यंत चालवलं. वीस वर्षांहून जास्त. वीज जाळून, ट्रान्समीटरची देखभाल करून, शेवटी शेवटी मूठभर लोकांसाठी.

आपल्याकडेही पुढची वळणं अगदी निर्दयी नव्हती. १९९०नंतर केबल आली तेव्हा आठ बटणांचे सेट अपुरे पडले, आणि ९९ चॅनलचा रिमोटवाला सेट म्हणजे प्रतिष्ठा झाली. पण आठ तरी दिसत होती. ३१ ऑक्टोबर २०१२ला मुंबईत आणि ३१ मार्च २०१३ला पुणे-नागपूरसारख्या शहरांत जुन्या पद्धतीची केबल बंद झाली, तेव्हा टीव्हीच्या डोक्यावर बॉक्स आला. लोकांनी कुरकुर केली, पण डिजिटल सिग्नल जुन्या सेटला समजेल अशा भाषेत सांगणारा दुभाष्याच होता तो. अँटेनावर दिसणारं दूरदर्शन तर २०२२पर्यंत टिकलं, त्या वर्षी देशातले बहुतेक सगळे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बंद झाले. म्हणजे कुणी आजोबांचा तो डबा जपून ठेवला असता, तर पन्नाशीच्या जवळ जाईपर्यंत त्याला हवेतून काहीतरी मिळत राहिलं असतं.

आणि आमचा २०१५चा टीव्ही दहा वर्षांत आटोपला. तोही पूर्ण नाही, अर्धाच.

स्मार्ट टीव्ही म्हणजे पडद्याला चिकटवलेला कॉम्प्युटर. पडदा पंधरा वर्षं टिकेल, कॉम्प्युटरचं तसं नाही. त्याच्या पोटात विश्वासू संस्थांची एक यादी असते, रूट सर्टिफिकेट म्हणतात. सर्व्हरने दाखवलेलं ओळखपत्र त्यातल्या कुणाच्या सहीचं आहे का, हे तो तपासतो. या सह्यांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ला डीएसटी रूट सीए एक्स३ नावाच्या एका मोठ्या सहीची मुदत संपली आणि ज्या जुन्या यंत्रांची यादी कुणी अपडेट केली नव्हती, त्यांना चांगल्या-भल्या वेबसाइट एका दिवसात अनोळखी झाल्या. यंत्र धडधाकट, सर्व्हर धडधाकट, तरी दार बंद. त्याआधी डिसेंबर २०१९मध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या टीव्हींवर चालणं थांबवलं, तांत्रिक मर्यादा असं कारण देऊन. अशी यादी दरवर्षी वाढते.

आता ती सुरुवातीची राहिलेली गोष्ट. मी ज्या कंपनीत काम करतो तिथे आम्हीही एक अ‍ॅप बनवतो. आईच्या सिरियलचं नाही, वेगळं. दोन वर्षांपूर्वी आमच्या मिटिंगमध्ये एक ग्राफ आला होता: कुठल्या व्हर्जनवर किती लोक. उजव्या कोपऱ्यात जुन्या टीव्हींची एक बुटकी पट्टी. त्या पट्टीसाठी आमचा टेस्टिंगचा बराच वेळ जायचा, नवीन गोष्टी अडायच्या. मी स्वतः मांडलं, की हे काढून टाकू. कारणं बरोबर होती, आजही बरोबर वाटतात. कुणी विरोध केला नाही. लोकांना दाखवायच्या संदेशाचा मसुदा आमच्याच टीमने लिहिला आणि त्यात 'अधिक चांगल्या अनुभवासाठी' हे शब्द होते.

त्या पट्टीत माणसं असतात हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्या पट्टीत पाय वर घेऊन सोफ्यावर बसलेली, रिमोटची चारच बटणं माहीत असलेली माझी आई असेल, हे त्या खोलीत एकदाही माझ्या मनात आलं नाही. ४०५ ओळींचा ट्रान्समीटर वीस वर्षं चालू ठेवायला कुणीतरी सही केली असणार. आम्ही दहा मिनिटांत पुढच्या विषयाकडे वळलो.

असो. पाऊण लाखाचं पान उघडंच होतं. मी ते बंद केलं आणि हिशेब केला.

आधी पडदा. साधारण चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखता येतो. ४० इंची फुल एचडी पडद्याचा एक ठिपका जवळपास ०.४६ मिलिमीटरचा. गणित केलं तर पडद्यापासून सव्वापाच फुटांच्या पलीकडे गेलात की ठिपके वेगळे दिसायचे थांबतात. आमचा सोफा नऊ फुटांवर आहे. म्हणजे त्याच आकारात फोर-के घेतला, तर वाढलेले ठिपके आईबाबांना दिसणारच नाहीत. मोठा पडदा हवा असेल, काळा रंग जास्त काळा हवा असेल, तर गोष्ट वेगळी. त्यांना नको होता. आईला सिरियल हवी होती. एचडीएमआयच्या खाचेत साडेतीन हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावली, काम झालं. पाचेक वर्षांत या स्टिकलाही तोच संदेश येईल हे मला पक्कं माहीत आहे. पण तेव्हा स्टिक फेकावी लागेल, पडदा नाही.

मग आवाज. पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, बिचारे तळाला असतात आणि तोंड खाली. आवाज टेबलावर आपटून आपल्याकडे येतो. संवाद कळायला स, श, त, फ अशी व्यंजनं स्वच्छ लागतात, ती वरच्या वारंवारतेत असतात, आणि वय वाढतं तसं कानाचं तेच आधी कमी होतं. म्हणजे बाबांची तक्रार खरी होती आणि नुसता व्हॉल्यूम वाढवून ती जाणारी नव्हती. समोर तोंड करून, कानाच्या उंचीवर ठेवलेले स्पीकर हवेत. ते घरात होते. समईखाली.

अँप्लिफायर घेऊन तापकीर गल्लीत गेलो. दुकानातल्या काकांनी झाकण काढलं आणि हसले. "टू-एन-३०५५. याला काही होत नाही." ट्रान्झिस्टर धडधाकट होते, कपॅसिटर वाळले होते, व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये चाळीस वर्षांची धूळ. स्पीकरच्या कोनाच्या कडा कापडी, म्हणून वाचल्या. फोमच्या असत्या तर भुगा हातात आला असता. मागे पाच पिनांचं जुनं जर्मन पद्धतीचं सॉकेट होतं, त्याला केबल सोल्डर करून दिली. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटला एक छोटा डीएसी जोडला. कुणी हे करणार असाल तर एक सूचना: टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर ठेवा, नाहीतर स्वस्त डीएसीला डॉल्बी समजत नाही आणि तुम्ही माझ्यासारखे एक संध्याकाळ केबली हलवत बसाल. सगळं धरून साडेसात हजार, स्टिकसकट.

रविवारी जोडणी केली. बाबा मधोमध बसले. बातम्या लावल्या. जुन्या व्हॉल्यूमच्या निम्म्यावर त्यांनी हात वर केला, बस. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, आवाज का नाही म्हणून बघायला.

मग बाबा म्हणाले, "उजवा थोडा कमी आहे रे."

मी बॅलन्सचं बटण पाहिलं, मधोमध होतं. दोन्ही स्पीकरला कान लावला, मला सारखे वाटले. काकांकडून काही राहिलं असेल म्हणून मागच्या वायरी अदलाबदल केल्या, डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे. बिघाड अँप्लिफायरच्या एका बाजूत असेल, तर तो आता डावीकडे जायला हवा. बग शोधायची आमची सगळ्यात जुनी रीत.

"आता?"

बाबांनी डोळे मिटून ऐकलं. "उजवाच."

मी स्पीकरसुद्धा बदलून पाहिले. बाबा म्हणाले, उजवा. मग मी त्यांना सोफ्यावर उलटं बसायला सांगितलं, पाठ टीव्हीकडे, तोंड भिंतीकडे. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. बसले. "आता कुठला कमी?"

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी हात वर केला. तोच हात, उजवा. पण उलटे बसल्यामुळे त्या बाजूला आता दुसरा स्पीकर होता.

आई दारात उभी होती. तिच्याही लक्षात आलं. म्हणाली, "म्हणूनच फोन नेहमी डाव्या कानाला लावतात."

गुरुवारी संध्याकाळची वेळ घेतली आहे, कान तपासायची. मी हिंजवडीहून दुपारीच निघणार आहे. टीव्ही सध्या आहे तोच.